रिंगणातला शब्द आणि 'उत्स्फूर्त' म्हणणारे

'उत्स्फूर्त' ह्या शब्दाची मला चीड आहे. आपल्या कवितेवर लिहिताना प्रस्थापित समीक्षक हा शब्द हमखास वापरतात. उत्स्फूर्त उद्रेक. रांगडा, उत्स्फूर्त आविष्कार. वाचताना बरं वाटतं, कुणीतरी पाठीवर हात ठेवल्यासारखं. पण त्या शब्दाच्या पोटात काय आहे ते नीट बघा. ह्या पोरांनी हे केलेलं नाही, हे त्यांच्याकडून आपोआप झालंय, असं त्यात आहे. ठेच लागली की माणूस ओरडतो, तसं. ओरडण्याला कुणी कला म्हणत नाही. म्हणजे घाट, छंद, परंपरा, अभ्यास हे सगळं त्यांच्या वाट्याला, आणि आपल्या वाट्याला जखम आणि बोंब.

अमेरिकेतल्या काळ्या पोरांच्या रॅपबद्दल, त्यातही फ्रीस्टाइलबद्दल, हेच बोललं गेलं आहे. त्यांच्या रक्तातच ठेका आहे म्हणे. तोंड उघडलं की यमक पडतं म्हणे. कौतुक म्हणून बोलतात हे. गोऱ्यानं बोललं तर कौतुक, आणि आपणही मोबाईलवर तसला व्हिडिओ बघून "काय नॅचरल आहे यार" म्हणतो, तेव्हा आपणही तेच बोलत असतो.

म्हणून दोस्तहो, फ्रीस्टाइल म्हणजे ऐन वेळी जुळवून म्हटलेलं रॅप, आणि सायफर म्हणजे ते ज्या रिंगणात म्हटलं जातं ते रिंगण, ह्या दोन गोष्टी जरा उलगडून बघू. ही कला बनते कशी, तिची परीक्षा कोण घेतं, आणि तिच्या जिवावर पोट कुणाचं भरतं, एवढे तीनच प्रश्न.

०

आधी रिंगण. रस्त्याच्या कोपऱ्यावर, क्लबाच्या बाहेर फुटपाथवर पाच-दहा जण गोल करून उभे राहतात. एक जण तोंडानं ठेका धरतो, त्याला बीटबॉक्स म्हणतात. नाहीतर गाडीतला टेप चालू असतो. एक जण सुरू करतो, आठ-सोळा ओळी म्हणतो, त्याचा दम संपायच्या आत दुसरा उचलतो. स्टेज नाही, माईक असला तर असला, तिकीट नाही. ऐकणारा आणि म्हणणारा वेगळा नसतो. आत्ता ऐकतोय तो पुढच्या मिनिटाला म्हणणार असतो.

सायफर हा शब्द कुठून आला, हे आपल्यासारख्यांनी ध्यानात ठेवण्यासारखं आहे. १९६४ साली हार्लेममध्ये क्लॅरन्स थर्टीन एक्स ह्या माणसानं नेशन ऑफ इस्लाममधून बाहेर पडून आपला वेगळा पंथ काढला. त्यांना फाइव्ह पर्सेंटर म्हणतात. त्यांच्या परिभाषेत सायफर म्हणजे शून्य, वर्तुळ, पूर्ण ३६० अंश. हे लोक रस्त्यावर गोल करून उभे राहायचे आणि पाळीपाळीनं आपापला पाठ म्हणायचे. अडखळला त्याला बाकीचे धरायचे, प्रश्न विचारायचे. त्यांच्या धर्मविचाराशी आपलं काही देणंघेणं नाही. पण एवढं दिसतं की ज्यांना शाळेनं काही दिलं नाही, त्या पोरांनी कोपऱ्यावर आपली शाळा भरवली होती. न्यूयॉर्कच्या अनेक रॅपवाल्यांवर ह्या पंथाची छाप होती, त्यांच्याबरोबर हा शब्द रॅपमध्ये आला. तेव्हा हे रिंगण गाण्याचं होण्याआधी अभ्यासाचं होतं.

शब्दांची झटापटही जुनी. काळ्यांच्या वस्त्यांत डझन्स नावाचा खेळ पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. दोन पोरं समोरासमोर उभी राहून एकमेकांच्या आईवरून, घरावरून, गरिबीवरून यमकात शेरे मारतात. भोवती पोरांचा घोळका. जो चिडला तो हरला. भर रस्त्यात अपमान गिळून डोकं थंड ठेवायची ही तालीम आहे. कुठल्या जगात जगणाऱ्याला अशी तालीम लागते, हे तुम्हाला सांगायला नको.

०

आता जागा. हिप-हॉपची जन्मतारीख ११ ऑगस्ट १९७३ धरतात. न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्समध्ये १५२० सेजविक अव्हेन्यू ह्या इमारतीच्या हॉलमध्ये सिंडी कॅम्पबेल ह्या मुलीनं शाळेच्या नव्या कपड्यांसाठी पैसे उभे करायला पार्टी ठेवली. तबकड्या वाजवायला तिचा भाऊ, डीजे कूल हर्क, जमैकातून आलेला. गाण्यातला नुसत्या ठेक्याचा तुकडा पोरं नाचायला उचलून धरतात हे त्यानं हेरलं होतं, म्हणून पुढं दोन तबकड्यांवर तोच तुकडा फिरवून फिरवून त्यानं लांबवला. त्याचा दोस्त कोक ला रॉक माईकवरून दोस्तांची नावं पुकारायचा, दोन शब्द जुळवायचा. रॅपचा एमसी इथून सुरू झाला. पुकाऱ्यातून.

त्या वेळचं ब्राँक्स म्हणजे काय? रॉबर्ट मोझेस नावाच्या बड्या अधिकाऱ्यानं वस्तीच्या मधून क्रॉस ब्राँक्स एक्सप्रेसवे नेला आणि हजारो कुटुंबं उठवली. विम्याच्या पैशापायी घरमालकांनी इमारती पेटवल्या. १९७५ साली न्यूयॉर्क महापालिका दिवाळ्याच्या काठावर आली, तेव्हा हजारो शिक्षकांना घरी बसवलं. वाद्य शिकवणारं कुणी नाही, वाद्य घ्यायला पैसा नाही. मग तबकडी हेच वाद्य झालं आणि तोंड हेच वाद्य झालं. रक्तात ठेका होता म्हणून हे घडलं असं म्हणणाऱ्याला ना एक्सप्रेसवे दिसतो, ना जळकी घरं.

०

आता मुख्य मुद्दा. फ्रीस्टाइल खरंच ऐन वेळचं असतं का?

गंमत म्हणजे ह्या शब्दाचा अर्थच बदललेला आहे. बिग डॅडी केन, कूल मो डी ह्या जुन्या रॅपवाल्यांनी स्वतः सांगितलंय की त्यांच्या काळात फ्रीस्टाइल म्हणजे विषयाचं बंधन नसलेलं रॅप. ते लिहिलेलंच असायचं. त्यात गोष्ट नसायची, मुद्दा नसायचा, आपली शब्दकळा दाखवायची एवढंच. ऐन वेळी डोक्यातून काढलेल्या रॅपला ते 'ऑफ द डोम' म्हणायचे. पुढं १९९० च्या आसपास दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळले, आणि आज फ्रीस्टाइल म्हटलं की ऐन वेळचं हाच अर्थ लोक घेतात. म्हणजे ज्याला जग निसर्गाचा झरा समजतं, त्याच्या नावातच वही दडलेली आहे.

ऐन वेळचं म्हणतात तेही बघू. मिनिटाला नव्वद ठोक्यांचा बीट धरा. चार ठोक्यांची एक ओळ, म्हणजे एका ओळीला पावणेतीन सेकंदसुद्धा मिळत नाहीत. पहिली ओळ तोंडातून बाहेर पडत असताना डोकं दुसऱ्या ओळीचं शेवटचं यमक शोधत असतं. यमक आधी ठरतं, ओळ मागनं भरतात. मध्ये जागा भरायला 'यो', 'समजलं काय' असे ठरलेले शब्द असतात, त्यानं अर्धा सेकंद मिळतो. समोरच्याची टोपी, बूट, तेवढ्यात रस्त्यावरून गेलेली पोलीसगाडी हे ओळीत ओढायचं, कारण हे घरून लिहून आणलेलं नाही ह्याचा पुरावा तोच. यमकांच्या जोड्या शेकड्यांनी डोक्यात साठवलेल्या असतात. आंघोळीत, बसमध्ये, कामावर, स्वतःशी पुटपुटत.

मागावर धागा तुटला की विणकराचा हात जातो आणि सांधतो, तो कुठं गेला हे बाहेरच्याला दिसतसुद्धा नाही. तो म्हणतो, किती सहज! ते सहज व्हायला किती पाळ्या गेल्या, हे ज्याचं त्याला माहीत.

लॉस एंजेलिसच्या लायमर्ट पार्क भागात १९९४ पासून प्रोजेक्ट ब्लोड नावाचा खुला मंच चालला. तिथल्या फुटपाथवरच्या सायफरमध्ये वर्षानुवर्षं उभं राहून जूयंग ली ह्या समाजशास्त्रज्ञानं २००९ साली एक लेख लिहिला. त्याचा विषयच असा की रॅपवाला अडखळला तर काय होतं. काही जण अडकले की लिहून पाठ केलेल्या ओळी मध्ये घुसवतात, त्याला तिथं 'रिटन' म्हणतात. काही जण जागा भरणाऱ्या शब्दांवर तगून राहतात. आणि पुष्कळदा शेजारचा उभा असलेला पटकन ओळ उचलतो आणि अडकलेल्याची लाज राखतो. हे वाचून मला सायफर पहिल्यांदा नीट समजलं. ओळ एकट्याची नसते. तिच्याखाली रिंगणानं हात धरलेला असतो.

२०१२ साली अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी बारा रॅपवाल्यांना मेंदूच्या स्कॅनमध्ये झोपवलं. एकदा पाठ केलेलं म्हणायला लावलं, एकदा त्याच ठेक्यावर ऐन वेळचं. ऐन वेळचं म्हणताना मेंदूतला देखरेख करणारा भाग शांत झाला आणि आतून उमटणाऱ्या हालचालीचा भाग जागा झाला. ह्यावरून 'बघा, आपोआप होतं' असं म्हणायला लोक मोकळे. अरे, पण झोपवलं कुणाला? ह्या कामात मुरलेल्यांना. सवय मुरली की देखरेख लागत नाही, हे कुठलाही कारागीर सांगेल. तुम्ही-आम्ही त्या यंत्रात जाऊन झोपलो असतो तर काय निघालं असतं? घाम.

०

परीक्षक कोण, हा दुसरा प्रश्न. कागदावरच्या कवितेचा परीक्षक दूर बसतो. त्याला कवीचं तोंड दिसत नाही, कवीला त्याचं. सायफरमधला परीक्षक हातभर अंतरावर उभा असतो. ओळ पडली की तो 'ओह' म्हणून मागं सरकतो, नाहीतर गप्प राहतो. ते गप्प राहणं कुठल्याही परीक्षणापेक्षा कडक.

डिसेंबर १९८१ मध्ये हार्लेम वर्ल्ड क्लबात बिझी बी आणि कूल मो डी ह्यांची गाठ पडली. बिझी बी गर्दी हलवण्यात पटाईत, त्याचं काम घोषणा द्यायची आणि लोकांकडून परत घ्यायची. मो डी उठला आणि त्यानं बिझी बीचं नाव घेऊन, त्याच्या तोंडावर, त्याच्या रॅपमध्ये माल नाही हे रॅपमध्येच दाखवून दिलं. ती एक समीक्षाच होती, ठेक्यावर म्हटलेली. त्या रात्रीची कॅसेट हातोहात कॉपी होत शहरभर फिरली, आपला हा अंक फिरतो तशी. त्यानंतर नुसत्या आरोळीवर एमसी म्हणून चालणं कठीण झालं.

लॉस एंजेलिसच्या साउथ सेंट्रलमध्ये १९८९ च्या डिसेंबरपासून गुड लाइफ कॅफेत दर गुरुवारी खुला मंच असायचा. आरोग्याचं खाणं विकणारं ते दुकान. नियम एकच कडक, शिवी चालणार नाही. आणि म्हणणारा कच्चा निघाला की सगळा हॉल एका सुरात सांगायचा, कृपया माईक पुढं दे. कितीही मोठं नाव असो. शिवी नाही म्हटल्यावर पोरांना दुसरा शब्द शोधावा लागला, आणि तिथूनच फ्रीस्टाइल फेलोशिपसारखा गट तयार झाला. आपल्यात काही कवींना वाटतं की शिवी घातली की कविता विद्रोही झाली. त्यांनी एक गुरुवार तिथं उभं राहायला पाहिजे होतं.

पण रिंगणाची पूजा मांडू नका. रिंगण गोल असलं तरी त्याला बाहेर असतंच, आणि बाहेर कोण उभं असतं ते बघा. १९८४ साली क्वीन्सब्रिजच्या वस्तीतल्या रोक्सान शांते ह्या चौदा वर्षांच्या पोरीनं एका दमात, न लिहिता रॅप रेकॉर्ड केलं आणि बाईला नावं ठेवणाऱ्या पोरांच्या गाण्याला उत्तर दिलं. ते तुफान चाललं. पुढच्या वर्षी न्यू म्युझिक सेमिनारच्या बॅटलमध्ये ती बिझी बीसमोर शेवटपर्यंत पोचली आणि हरली. एका परीक्षकानं मुद्दाम कमी गुण दिले, पंधरा वर्षांची पोरगी सर्वश्रेष्ठ ठरली तर ह्या कलेला कोण मान देईल, हे त्यामागचं कारण, असं तिनं पुढं सांगितलंय. काळ्यांच्या कलेला मान मिळावा म्हणून काळ्या पोरीला खाली बसवलं. हा हिशोब ओळखीचा वाटतो ना? शिवाय बॅटलमध्ये समोरच्याला खाली पाडायचं ठरलेलं हत्यार म्हणजे त्याला बाई ठरवणं, नाहीतर समलिंगी ठरवणं. गोऱ्या व्यवस्थेनं ज्या काठीनं मारलं, तीच काठी स्वतःहून दुबळ्यावर उगारायची, आणि वर त्याला कौशल्य म्हणायचं. हे कौशल्य नाही. हा आळस आहे.

०

तिसरा प्रश्न, पोट कुणाचं भरतं.

१९७९ साली 'रॅपर्स डिलाइट' ही रॅपची पहिली मोठी गाजलेली तबकडी निघाली. म्हणणारे तिघं ब्राँक्सच्या रिंगणांत नाव कमावलेले नव्हते, न्यू जर्सीत रेकॉर्ड कंपनीनं जमवलेले. त्यातल्या बिग बँक हँकनं ग्रँडमास्टर कॅझ ह्या ब्राँक्सच्या एमसीच्या वहीतल्या ओळी जशाच्या तशा म्हटल्या. इतक्या जशाच्या तशा की कॅझनं स्वतःच्या टोपणनावाची अक्षरं यमकात गुंफली होती, तीही ह्यानं म्हणून टाकली. तबकडी जगभर गेली. कॅझचं नाव तिच्यावर नव्हतं.

आता सांगा, जी कला उत्स्फूर्त, तिची पहिली मोठी कमाई चोरलेल्या वहीवर झाली. वही होती म्हणून चोरता आली. आणि 'हे तर तोंडातून आपोआप निघतं' असं एकदा ठरलं की चोरी ही चोरी राहतच नाही. झऱ्याचं पाणी कुणीही भरावं.

पुढचंही तसंच. २००२ च्या '८ माइल' सिनेमानं बॅटल जगाला दाखवली, नायक गोरा. एमिनेम डेट्रॉइटच्या हिप-हॉप शॉपमध्ये खऱ्या रिंगणात झिजून वर आला हे मान्य, पण त्याच रिंगणात झिजलेल्या किती काळ्या पोरांवर सिनेमा निघाला? २००६ पासून बीईटी ह्या वाहिनीच्या पुरस्कार सोहळ्यात सायफर दाखवायचे. गोल उभे राहायचे, डीजे असायचा, पण ओळी बहुतेक घरून लिहून आणलेल्या. कुणी अडखळायचं नाही, म्हणून कुणाला कुणाची लाज राखावी लागायची नाही. रिंगणाचा नुसता सेट. २००८-०९ नंतर आलेल्या मोठ्या बॅटल लीगमध्येही महिनोन्‌महिने लिहून पाठ केलेलंच म्हणतात, ठेकासुद्धा नसतो. त्यात शब्दांची कारागिरी जबर असते, नाकारत नाही. फक्त ती वेगळी कला आहे. ऐन वेळचं बॅटल आज सगळ्यात जोरात आहे ते स्पॅनिश बोलणाऱ्या पोरांत. ब्वेनोस आयर्सच्या रिवादाविया बागेत २०१२ ते २०१७ पर्यंत पोरं पायऱ्यांवर जमायची, त्यातून अर्जेंटिनाच्या रॅपची एक पिढी निघाली.

आणि शेवटचा, सगळ्यात जीवघेणा भाग. अमेरिकेतल्या कोर्टांत रॅपच्या ओळी आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वाचून दाखवतात. अशा शेकडो खटल्यांचा हिशोब एरिक नीलसन आणि अँड्रिया डेनिस ह्यांनी २०१९ साली पुस्तकातून मांडला. खुनाची गोष्ट सांगणाऱ्या गोऱ्या कादंबरीकाराला कुणी खुनी म्हणत नाही, कारण त्यानं ती रचली हे सगळ्यांना मान्य असतं. काळ्या पोराची ओळ मात्र मनातून आपोआप बाहेर पडलेली, म्हणून ती कबुलीजबाब! २०२२ साली कॅलिफोर्नियानं कायदा करून ह्याला आवर घालायची सुरुवात केली. आता तिथल्या न्यायाधीशाला आधी तपासावं लागतं की ह्या ओळी कला म्हणून रचल्या गेल्या, आणि त्या ज्युरीसमोर आल्या तर वंशाचा द्वेष चाळवेल का. तरी २०२३ साली जॉर्जियातल्या यंग थगच्या खटल्यात न्यायाधीशानं त्याच्या काही ओळी वाचायला परवानगी दिलीच.

म्हणून म्हणतो, 'उत्स्फूर्त' हा नुसता साहित्यातला शब्द नाही. समीक्षक तो कौतुकानं वापरतो, कंपनी तो फुकट माल उचलायला वापरते, आणि सरकारी वकील तो पोराला आत टाकायला वापरतो. तिघांचं म्हणणं एकच आहे: ह्यानं हे रचलेलं नाही.

०

१९७२ साली आपल्या माणसांनी पँथर हे नाव अमेरिकेतल्या काळ्यांकडून घेतलं, तेव्हा नुसतं नाव घेतलं नव्हतं, त्यांचं म्हणणं वाचून, तपासून घेतलं होतं. आज मुंबईत पोरं सायफर करतात. २०१९ चा 'गल्ली बॉय' बघून करणारी आहेत, त्याच्या आधीपासून करणारीही आहेत. स्वदेशी ह्या गटानं त्याच साली प्रकाश भोईर ह्यांना सोबत घेऊन आरेच्या आदिवासींचं गाऱ्हाणं 'द वारली रिव्होल्ट'मध्ये मांडलं. चांगलं आहे. पण टोपी आणि हातवारे घेऊन सायफर येत नाही.

घ्यायचं असेल तर हे घ्या. वस्तीतल्या रिंगणात उभे राहा, पण घरी वही ठेवा, आणि वहीवर तारीख घाला. शेजारचा अडखळला तर त्याची ओळ उचला. कच्चा असेल तर तोंडावर सांगा, मागनं नको. रिंगणात पोरी किती आहेत हे मोजा, आणि नसतील तर का नाहीत हे आधी विचारा, मग ठेका धरा. आणि उद्या कुणी स्टेजवरून तुमच्या गळ्यात हार घालून म्हणालं की काय उत्स्फूर्त लिहिता हो तुम्ही, तर त्याला बसवून घ्या, एक ठेका द्या, आणि म्हणावं, पावणेतीन सेकंद आहेत, होऊन जाऊ दे.